खुदावंद खानाची मशीद आणि आपले चेहरे

मागच्या उन्हाळ्यात मलकापूरला एका लग्नाला गेलो होतो. जेवणे उरकली होती. बायका अंगणात पान खात गप्पा मारत बसल्या होत्या आणि माझ्या दोन्ही मुली तिथेच खेळत होत्या. थोरली उजळ रंगाची, तपकिरी डोळ्यांची. धाकटी चांगली सावळी आणि केस इतके कुरळे की कंगवा अडकतो. नात्यातल्या एक वयस्क बाई दोघींकडे बघत हसून म्हणाल्या, "बड़ी तो पठान लगती है, ये छोटी हबशन किसपे गई?" सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, कारण सगळे हसत होते.

रात्री एसटीने बुलढाण्याला परत येताना राजूर घाट चढत असताना तिने विचारले, "अब्बू, हबशन म्हणजे काय? आणि मी कुणावर गेले?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात रोज शेकडो प्रश्न येतात, त्यांची उत्तरे द्यायची सवय आहे. पण या प्रश्नाला मी "उद्या सांगतो" म्हणून टाळले. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. पण हबशी हा शब्द आमच्या घरांत शिवीसारखा आणि पठाण हा शब्द शाबासकीसारखा का वापरला जातो, हे त्या रात्रीपर्यंत मीही स्वतःला विचारले नव्हते. धाकटीचा पहिला प्रश्न इतिहासाचा होता, दुसरा जीवशास्त्राचा. दोन्हींचे उत्तर शोधताना मी आमच्याच जिल्ह्यात, घाटाखालच्या रोहिणखेडला जाऊन पोचलो.

हबशी म्हणजे कोण?

हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा मुलूख. अरबीत त्याला हबशा म्हणतात, तिथला माणूस तो हबशी. मक्केत छळ सुरू झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या राजाने, नजाशीने. इस्लामची पहिली हिजरत मदिनेच्या आधी तिकडेच झाली. पहिले मुअज्जिन हजरत बिलाल यांची आई हबशी होती. म्हणजे ज्या शब्दाला आमच्या अंगणात हसू येते, तो शब्द मुसलमानाने खरे तर मान खाली घालून उच्चारायला हवा.

दख्खनमध्ये हबशी आले ते बहुतेक गुलाम म्हणून. हिंदुस्थानी कापडाला तिकडे मोठी मागणी होती. सोने, हस्तिदंत आणि माणसे देऊन ते कापड विकत घेतले जाई. बहमनी सुलतानांना आणि त्यांच्या सरदारांना लढवय्ये हवे होते. लहान वयात विकलेली ही मुले इथे आली, त्यांना नवी नावे मिळाली, घोडेस्वारी आणि लिहिणे-वाचणे शिकवले गेले. मालक मेला की अनेक जण मोकळे होत आणि स्वतःच्या हिमतीवर सरदार बनत.

आमचे वऱ्हाड याची फार जुनी साक्ष देते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बहमनींचा वजीर महमूद गवान याने मोठ्या सुभ्यांचे दोन-दोन भाग केले. वऱ्हाडचेही दोन झाले. गाविलगडचा भाग फतहुल्ला इमादुल्मुल्क याच्याकडे आणि माहूरचा भाग खुदावंद खान हबशी याच्याकडे आला. यातला फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला. पुढे १४९० मध्ये याच फतहुल्लाने इमादशाही उभी केली. म्हणजे एका काळी वऱ्हाडच्या दोन भागांवर दोन मुसलमान अंमलदार होते, एक जन्माने कानडी ब्राह्मण, दुसरा आफ्रिकेचा.

शेजारीही हेच चित्र. अहमदनगरच्या निझामशाहीचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण घराण्यात असल्याचे फिरिश्ताने लिहिले आहे. विजापूरच्या युसूफ आदिलशाहाची बेगम मराठा घरातली होती. आज ज्यांना आपण सरसकट परके सुलतान म्हणतो, त्यांच्या घरात दोन पिढ्यांत इथलेच रक्त वाहू लागले होते.

मशहदचा बाप, हबशी आई

आता रोहिणखेड. मोताळा तालुक्यातले हे गाव आज आडबाजूला वाटते, पण एके काळी घाट उतरून खानदेशाकडे जाणाऱ्या फौजा इथून जात. १४३७ आणि १५९० अशा दोन मोठ्या लढाया या परिसरात झाल्या. इथे एक जुनी मशीद आहे. ती १५८२ सालची आहे आणि तिचा बांधणारा खुदावंद खान. माहूरच्या खुदावंद खान हबशीनंतर शंभर वर्षांनी होऊन गेलेला हा दुसरा खुदावंद खान, निझामशाहीतला वऱ्हाडचा अमीर. घाटावरच्या फत्तेखेर्ड्याची, म्हणजे आजच्या साखरखेर्ड्याची मशीदही त्याच सुमाराची आणि त्याच्याच नावाने ओळखली जाणारी.

मोगलांच्या काळच्या अमीरांच्या चरित्रग्रंथांत त्याची नोंद आहे. बाप इराणातल्या मशहदचा, आई हबशी. शरीराने उंच, पिळदार आणि धाडसासाठी नावाजलेला. निझामशाहीतल्या आपसातल्या भांडणात वऱ्हाडच्या सरदारांचा पाडाव झाला तेव्हा तो अकबराकडे गेला. तिथे त्याला एक हजाराची मनसब आणि गुजरातमधले पाटण जहागीर म्हणून मिळाले. अबुल फजलच्या बहिणीशी त्याचा निकाह झाला. अबुल फजलचे घराणे आपले मूळ यमनमध्ये सांगत असे. म्हणजे एकाच घरात मशहद, हबशा आणि यमन, आणि हे सगळे हिंदुस्थानच्या मातीत.

धाकटीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने लगेच विचारले, "मग तो गोरा होता की काळा?"

मुलांचे प्रश्न सरळ असतात. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर वंशवारसा शरीरात कसा उतरतो ते समजून घ्यावे लागते. आणि त्यासाठी आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पुस्तकाची गरज नाही, त्याला कपाशी पुरेशी आहे.

हायब्रीडचे बी घरी धरले तर

हायब्रीड कपाशीचे बी दरवर्षी नवे का घ्यावे लागते? घरचे बी धरून पेरले तर काय होते? ज्याने कधी पैसे वाचवायला तसे केले आहे, त्याला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी सगळे शेत एकसारखे होते. दोन वाणांचा संकर, प्रत्येक झाड सारख्याच उंचीचे. त्याच झाडांचे बी पुढच्या वर्षी पेरले की शेत विसकटते. एक झाड उंच, एक बुटके. एकाचे बोंड आजोबासारखे, दुसऱ्याचे आजीसारखे, तिसरे कुणासारखेच नाही. मागच्या वर्षी जे गुण दिसत नव्हते ते कुठून आले? ते गेलेच नव्हते. झाकलेले होते.

ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने मठाच्या बागेतल्या वाटाण्यांवर हेच पाहिले आणि १८६६ मध्ये लिहून छापले. जगाने त्याकडे लक्ष दिले ते १९०० नंतर. त्याच्या आधी बहुतेक शहाणी माणसेही समजत की आईबापांचे रक्त मुलात दूध-पाण्यासारखे मिसळते. दूध-पाणी एकदा मिसळले की वेगळे होत नाही. मेंडेलने दाखवले की वारसा हा पाण्यासारखा नाही, दाण्यासारखा आहे. ज्वारी आणि मूग एका पोत्यात ओतले तरी दाणा दाणाच राहतो. मूठ भरून काढली तर कधी ज्वारी जास्त येईल, कधी मूग.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक बापाकडून. मूल होताना आई आपल्या प्रत्येक जोडीतले एकच पुढे देते आणि बापही तसेच. तेवीस जोड्यांतून एकेक निवडायचे तर एका पालकाकडे ८३ लाखांहून जास्त प्रकारच्या मुठी होऊ शकतात. त्यातही जोडीतली दोन गुणसूत्रे आपापसात तुकडे बदलतात, म्हणजे प्रकार आणखी वाढतात. म्हणून सख्ख्या बहिणी सारख्या नसतात. मुठी वेगळ्या पडतात, पोते तेच असते.

खुदावंद खान हा पहिल्या पिढीतला. त्याच्या प्रत्येक जोडीत एक बाजू मशहदची, एक हबशाची. त्वचेचा रंग एका जनुकावर ठरत नाही, कित्येक जनुकांचा त्यात वाटा असतो. म्हणून पहिल्या पिढीचा रंग बहुधा आईबापांच्या मधला कुठेतरी पडतो. खानाचाही तसाच असावा. पण त्याच्या मुला-नातवंडांत मात्र शेत विसकटले असणार. एखादी नात इराणी पणजोबासारखी उजळ, तिचाच सख्खा भाऊ हबशी पणजीसारखा काळा.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की चेहरा गठ्ठ्याने येत नाही, सुटा-सुटा येतो. रंगाची जनुके वेगळी, केसांच्या वळणाची वेगळी, डोळ्यांच्या रंगाची वेगळी, नाकाची वेगळी. उंचीला तर हजारो ठिकाणचे बारीकसारीक फरक कारण होतात. ते एकमेकांचा हात धरून चालत नाहीत. म्हणून सरळ केसांचा काळा माणूस असतो, कुरळ्या केसांचा गोरा असतो. एकाच्या अंगात आफ्रिकेचा वाटा जास्त असूनही तो दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगात अजिबात नसतानाही लोक त्याला हबशी म्हणतात.

काळा रंग कुठून आला?

इथे मला माझ्याच घाईला लगाम घालावा लागला. खुदावंद खानाची गोष्ट सापडल्यावर मला वाटले, झाले, उत्तर मिळाले. माझ्या मुलीत त्या काळच्या एखाद्या हबशी सरदाराचे रक्त आले. गोष्ट ऐकायला छान आहे. पण ती खरी ठरवायला सावळा रंग आणि कुरळे केस पुरेसे नाहीत.

सावळ्या रंगासाठी वऱ्हाडला आफ्रिकेकडे जायची गरज नाही. तो इथला जुना रंग आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या वर सातपुड्यात कोरकू, भिल राहतात. खाली पठारावर कुणबी, महार, मातंग, माळी, बंजारा, ब्राह्मण आणि आम्ही. यातल्या कुठल्याही समाजात सावळा रंग सापडतो. आजच्या भारतातली बहुतेक माणसे दोन-तीन फार जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेली आहेत. त्या मिश्रणाचा मोठा काळ सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीचा, असे जनुकांचे अभ्यासक सांगतात. इस्लाम यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

उजळ रंगाचेही तसेच. २००५ मध्ये शास्त्रज्ञांना एका छोट्या माशात, झेब्राफिशमध्ये, रंग फिका करणारे एक जनुक सापडले. माणसातही ते आहे. त्याच्या एका अक्षरातल्या बदलाने त्वचा उजळ होते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की युरोपातल्या गोऱ्या माणसात आणि भारतातल्या उजळ माणसात हा बदल एकाच मुळातून आलेला आहे. भारतात तो कुठल्या समाजात जवळपास सगळ्यांत, तर कुठल्या समाजात अगदी क्वचित आढळतो. पण तो हिंदूत, मुसलमानात, ब्राह्मणात, शेतकऱ्यात, सगळीकडे आहे.

म्हणजे माझ्या थोरलीचा उजळ रंग पाहून तिला पठाण म्हणणे तितकेच कच्चे, जितके धाकटीला हबशन म्हणणे. शेजारच्या देशमुखांच्या मुलीचा रंगही तसाच उजळ आहे. तिला कुणी पठाण म्हणत नाही.

नाके मोजणारे साहेब आणि इरावतीबाई

चेहऱ्यावरून वंश ठरवायचा हा खेळ लग्नाच्या अंगणातच चालतो असे नाही. सरकारनेही तो खेळला. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. त्याने नाकाच्या लांबी-रुंदीची मापे घेऊन हिंदुस्थानातल्या माणसांचे वंश पाडले आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. मराठ्यांना त्याने शक आणि द्रविड यांची मिसळ ठरवले. पुढच्या अभ्यासकांनी मोजमापे तपासली तेव्हा हा डोलारा टिकला नाही.

त्याच शास्त्राच्या माहेरघरी, बर्लिनमध्ये, एका मराठी बाईने फार मोठे काम केले. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथे संशोधनाला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. याच फिशरने आफ्रिकेतल्या रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या लोकांवर १९१३ मध्ये पुस्तक लिहिले होते आणि गोरे-काळे संकर घातक असे तो सांगत असे. पुढे त्याचे विचार नाझींच्या कामी आले. त्याने इरावतीबाईंना कवट्या मोजायला दिल्या. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा वेगळी असते आणि त्यातून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, हे त्याला सिद्ध करून हवे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिले की वंशानुसार तसा फरक दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर, आपल्या पदवीची पर्वा न करता.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजातींची मापे घेतली. तेव्हा दिसले की ब्राह्मण म्हणवणाऱ्या निरनिराळ्या जाती शरीराने एका साच्यातल्या नाहीत. नाव एक म्हणून शरीर एक, असे होत नाही. हे वाक्य मुसलमान या नावालाही तितकेच लागू आहे.

अंबरचा चेहरा

रंगाला शिवी बनवणे हे काही आजचे नाही. मलिक अंबर हे नाव महाराष्ट्राला माहीत आहे. हबशात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला आलेला आणि अहमदनगरच्या पेशव्याने, चंगेज खानाने, विकत घेतलेला हा मुलगा पुढे स्वतःच निझामशाहीचा कर्ता झाला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडल्यावरही त्याने १६२६ पर्यंत, मरेपर्यंत, मोगलांना दख्खन गिळू दिली नाही.

जहांगीर त्याला हरवू शकला नाही, म्हणून आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देत राहिला. त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या काळ्या मस्तकाला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात तसे कधी घडले नाही. जे रणात जमले नाही ते कागदावर केले.

त्याच काळात पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी अंबरला भेटला. तो त्याला काळाच म्हणतो, पण चेहरा मात्र रोमन माणसासारखा करारी, असे लिहितो. हबशातल्या माणसात त्याला रोम दिसले. चेहरा वाचणारा बहुतेक वेळा आपल्याच मनातले वाचत असतो, ते असे.

याच डच माणसाने आणखी एक हकिगत नोंदवली आहे. अंबरने आपली मुलगी निझामशाहाला दिली होती. शाहाची दुसरी एक बेगम गोरी, इराणी. तिने भांडणात अंबरच्या मुलीला काळी, रखेल म्हणून हिणवले आणि तिच्या बापालाही बोल लावले. मुलीने बापाला कळवले. अंबरने त्या बेगमेला आणि शाहालाही विष देऊन मारले, असे तो लिहितो. बादशहाच्या शिव्या पचवणाऱ्या माणसाला घरातल्या बाईचा टोमणा पचला नाही. मलकापूरच्या अंगणातला टोमणा मी हसून सोडला होता. ही हकिगत वाचल्यावर तसे सोडल्याची लाज वाटली. अर्थात विषाचे समर्थन कुणी करणार नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. अंबरच्या बाजूने आणि विरुद्ध कोण लढले, हे रंगाने ठरत नव्हते. आमच्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव आधी निझामशाहीकडे होते, पुढे मोगलांकडे गेले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्यांचे जावई शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढत होते. दख्खनच्या दरबारात झगडा होता तो दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि नव्याने बाहेरून आलेले, यांच्यात. आणि त्या झगड्यात हबशी कुणात मोजले जात? दख्खनींत. आफ्रिकेत जन्मूनही त्यांना इथले मानले गेले, कारण परत जायला त्यांना घर नव्हते, मुलेबाळे इथेच झाली होती.

ते गेले कुठे?

मुरूड-जंजिऱ्याला सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत होते, त्यामुळे तिथे ते वेगळे दिसतात. गुजरात आणि कर्नाटकात आजही सिद्दी समाज आहेत. सीसीएमबीने २०११ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांचा सुमारे दोन-तृतीयांश वारसा आफ्रिकेचा निघाला, बाकीचा मुख्यतः शेजारच्या भारतीयांचा. पण हे समाज बहुतांशी पूर्व आफ्रिकेतल्या बांटू लोकांमधून आलेले आहेत, अंबरच्या हबशातून नव्हे. आपण सगळ्यांना एकच नाव दिले आहे.

मग वऱ्हाडचे, अहमदनगरचे ते हजारो हबशी शिपाई? ते बहुतेक पुरुष होते. इथल्या बायकांशी त्यांचे निकाह झाले. मुले दख्खनी बोलली, नातवंडे वऱ्हाडी बोलली. इतिहासकार रिचर्ड ईटन म्हणतात त्याप्रमाणे काही पिढ्यांत ते वेगळा समाज म्हणून उरलेच नाहीत, दख्खनी समाजात विरून गेले.

खुदावंद खानाच्या मशिदीला आता ४४० वर्षे झाली. म्हणजे साधारण सतरा पिढ्या. सतरा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,३१,०७२ जागा होतात. इतकी वेगळी माणसे आपल्या पंचक्रोशीत नव्हतीच. याचा अर्थ तीच तीच माणसे सगळ्यांच्या वृक्षात पुन्हा पुन्हा येतात. आणि दहा-बारा पिढ्यांच्या पलीकडल्या बऱ्याच पूर्वजांचा एकही तुकडा आपल्या शरीरात उरलेला नसतो. शजऱ्यात नाव असते, अंगात काही नसते. उलट ज्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत, त्यांचे तुकडे आपण आरशात रोज बघतो.

शजरा आणि शेजार

आमच्या समाजात शजऱ्याचे फार कौतुक. कुणी अरबस्तानातून आले, कुणी बुखाऱ्यातून, कुणी काबूलमधून. आमच्याही घरात "पुरखे काबूल से आए" असे सांगतात. काही घराण्यांच्या बाबतीत ते खरेही असेल, एखाद्या पूर्वजापुरते. पण २०१० च्या सुमारास भारतातल्या निरनिराळ्या मुस्लिम गटांचा जो जनुकीय अभ्यास झाला, त्यात दिसले की बाहेरचा अंश थोडा आहे, बाकी आपण आपल्या हिंदू शेजाऱ्यांसारखेच आहोत.

यातली गंमत, किंवा दुःख म्हणा, असे आहे. कुणी आम्हाला "तुम्ही बाहेरचे" म्हटले की आम्ही दुखावतो, आणि ते दुखावणे रास्तच आहे. पण घरात बसून आम्हीच पोरांना सांगतो, आपण इथले नाही, तिकडचे. बाहेरचा माणूस आपल्याला बाहेर काढायला जे खोटे वापरतो, तेच खोटे आपण आपली इभ्रत वाढवायला वापरतो. आणि त्याचा भार पडतो सावळ्या मुलींवर. स्थळ बघायला आलेले "लड़की थोड़ी दबती है" म्हणून उठून जातात. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी हे तीनदा झाले. अम्मीने तिला दर उन्हाळ्यात उन्हात जाऊ दिले नाही. ती आज दोन मुलांची आई आहे, सुखात आहे. पण अजूनही फोटो काढताना मागे उभी राहते.

बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे. एक खेडूत अरब पैगंबरांकडे आला. म्हणाला, माझ्या बायकोला काळा मुलगा झाला आहे. त्याच्या मनातला संशय उघड होता. पैगंबरांनी त्याला उपदेश केला नाही. त्याच्या उंटांबद्दल विचारले. उंट आहेत का? आहेत. कुठल्या रंगाचे? तांबडे. त्यात एखादा करडा आहे का? आहे. मग तो कुठून आला? तो म्हणाला, एखाद्या जुन्या वंशातून ओढला गेला असेल. तेव्हा पैगंबर म्हणाले, तुझ्या मुलालाही तसेच कुणीतरी ओढले असेल. रंग जुळत नाही एवढ्यावरून मूल आपले नाही म्हणता येत नाही, असा नियम फिकहच्या जाणकारांनी यातून काढला.

मी या हदीसमध्ये मेंडेल शोधत नाही. पवित्र वचनात विज्ञान शोधून टाळ्या घ्यायची सवय मला आवडत नाही. मला त्यातली माणुसकी दिसते. शेतकऱ्याला शेतातले आणि उंटवाल्याला उंटातले जे ठाऊक असते, ते आपल्या घरात आल्यावर आपण का विसरतो, एवढेच तिथे विचारले आहे.

कुणावर गेली?

धाकटीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेवटी घरातच सापडले. माझी नानी जळगाव जामोदकडची. मी लहान असताना ती गेली, मला तिचा पांढरा पदर तेवढा आठवतो. मामांकडे तिचा हजच्या कागदांवरचा एक फोटो आहे. मी तो मागवला. पदराच्या कडेतून बाहेर आलेले केस, तेच घट्ट कुरळे. तेच कपाळ. फोटो काळा-पांढरा आहे, पण रंगही लपत नाही. नानीची आई कोण होती, तिची आई कोण, हे घरात कुणालाच सांगता आले नाही. काबूलच्या पुरख्यांची चार नावे मात्र सगळ्यांना पाठ आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत दोघींना घेऊन रोहिणखेडला गेलो. मशिदीत आम्ही दोन रकात नफल पढलो. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि मी खुदावंद खानाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मशहद नकाशात कुठे, हबशा कुठे, आणि आपण बसलो ती जागा कुठे. थोरलीने मोबाइलवर अंतरे मोजली.

धाकटी गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "त्याच्या आईचं नाव काय होतं?"

मी ग्रंथात वाचलेले तिला सांगितले. बापाचे गाव लिहिले आहे, आईची फक्त जात लिहिली आहे, हबशी.

"नाव लिहायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

परत आल्यावर तिने नानीच्या फोटोची झेरॉक्स काढून घेतली. मागे नानीचे नाव लिहिले, उर्दूत आणि मराठीत. खाली स्वतःचे.